फेस सरेपर्यंत

आमच्या सी लमजदचं शास्त्र फार सोपं आहे. पाण्यावर फेस दिसला की पाणी घाण, नाही दिसला की पाणी स्वच्छ. एवढ्या भांडवलावर हा 'सी', म्हणजे साहेब, जीन्स धुण्याचा कारखाना चालवतो, आणि मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्याच्या सांडपाण्याची राखण करते. मी फार लवकर भडकते, असं घरचे म्हणतात. त्यांनी माझ्या जागी एक दिवस उभं राहून बघावं.

मी दलेंदा. मोनास्तिरच्या आखातावर, पाणी जिथे उथळ आणि सुस्त असतं, तिथे आमचं गाव आहे. गावातल्या निम्म्या बायका या नाहीतर त्या कारखान्यात जीन्सच घासतात. कोऱ्या पँटला जुनी दाखवायचं, हा आमचा धंदा. पँट दगडांबरोबर यंत्रात फिरवायची, आणि सुटलेला निळा रंग परत कापडावर बसू नये म्हणून भरमसाट साबण ओतायचा. साबण म्हणजे मोरीतली वडी नव्हे. हा कारखान्याचा साबण, खारं पाणी असो की गार, कुठेही फेसाळतो. ते सगळं पाणी शेवटी माझ्याकडे येतं.

निळा रंग त्यामानाने शहाणा. त्याचा गाळ करून तळाशी बसवता येतो. साबण बसत नाही. त्याला पकडायचा तर उंच टाकीत खालून बारीक बारीक हवा सोडावी लागते. साबण बुडबुड्याला चिकटतो, त्याच्याबरोबर वर येतो, आणि फेस होऊन काठावरून पन्हळीत उतरतो. तो फेस निवला की दुसऱ्या हौदात जातो. तिथे जंतू सावकाश त्याचा फडशा पाडतात. म्हणजे माझ्या टाकीवर जितका फेस जास्त, तितका समुद्रात साबण कमी. हे मी सी लमजदला इतक्या वेळा सांगितलं की माझंच तोंड दुखलं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा जोराचा वारा सुटला आणि माझा फेस उडून कारखान्याच्या पुढच्या बागेत गेला. कण्हेरीवर, पायऱ्यांवर, कंपनीच्या पाटीवर, सगळीकडे पांढरे गोळे. सी लमजद धावत मागे आला.

"दलेंदा! हे काय, बर्फ पडलाय?"

"साबण आहे, सी लमजद. आपलाच. पकडलाय."

"पकडलाय तर बांधून ठेव ना! इटलीची बाई यायचीय माल बघायला. तिला हे दाखवू?"

"हेच दाखवा. म्हणावं, समुद्रात जाणारं आम्ही इथे अडवतो. पन्हळीवर झाकण बसवून द्या, उडणारही नाही."

"अगं, माणसं फेस बघतात आणि नाक मुरडतात. तुझं व्याख्यान ऐकायला थांबतंय कोण?"

झाकण आलं नाही. आलं ते फेस मारायचं औषध, पांढरं, दुधासारखं, मोठ्या पिंपातून. वीजवाल्याला बोलावून त्याने हवेच्या पंपाची तारच काढायला लावली आणि स्वतःच्या हाताने औषध टाकीत ओतलं. फेस बघता बघता बसला. सी लमजद माझ्याकडे वळून असा हसला, जणू त्याने मेलेला माणूस उठवला होता.

"यानं फेस मरतो, साबण मरत नाही," मी म्हटलं. "साबण तसाच खाली पाण्यात आहे. तो आता सरळ समुद्रात जाणार. औषध टाकीपुरतं. पुढे पाण्यात विरलं आणि कुणी घुसळलं, की साबण पुन्हा डोकं वर काढणार."

"मग समुद्र घुसळायला बसलंय कोण?" म्हणाला आणि गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नोकरीवर लाथ मारली असती, पण मग तो रंगाचा गाळही कुणी बसवला नसता आणि समुद्र निळा नाही, जांभळा झाला असता. वर तो म्हणाला असता, बाईला जमलं नाही.

समुद्र घुसळायला कोण बसलंय म्हणे! आमच्या बायका बसल्यात. पिढ्यान् पिढ्या बसल्यात. मुलीचं लग्न ठरलं की तिच्या गाद्या-उशांची लोकर आमच्याकडे समुद्रात धुतात. नवरीकडच्या, नवऱ्याकडच्या, सगळ्या बायका मिळून. सकाळी गुडघाभर पाण्यात उतरायचं, लोकरीला एकदाच हिरवा साबण लावायचा, लाकडी बडवण्याने बडवायची आणि मग फेस सरेपर्यंत खळबळायची. फेस सरला की जीभ हलवून ललकारी ठोकायची, दरबुका, आमचा मातीचा ढोल, वाजवायचा, वाळूवरच कुस्कुस खायचा. सासरच्या बायका लोकरीकडे बघतात, पण खरं म्हणजे त्या पोरीकडे बघत असतात. लोकर जशी निघेल तशी सून, असं धरून चालतात.

त्या उन्हाळ्यात माझ्या भाचीची, तुर्कियाची लोकर धुवायची होती. तिची आई महर्जिया माझी थोरली बहीण. सी लमजदच्याच कारखान्यात ती पँटच्या गुडघ्यांवर काचकागद घासते. नवरा गेल्यापासून या लग्नावर तिचा जीव टांगलेला. लोकर तिने वर्षभर मूठमूठ करून निवडली होती. एकेक काटा, एकेक काडी संध्याकाळी दारात बसून काढली होती.

"ताई, आपल्या किनाऱ्याला नको," मी तिला आधीच सांगितलं. "आखाताच्या टोकापलीकडे जाऊ. तिथलं पाणी वाहतं आहे."

"का? आईने माझी तिथेच धुतली, तुझी तिथेच धुतली."

"तेव्हा पाण्यात साबण नव्हता."

"अगं, कालच बघून आले. काचेसारखं पाणी आहे. मागे फेसाचे पुंजके दिसायचे, तेसुद्धा गेले."

"गेले म्हणूनच सांगतेय!"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "फेस होता तेव्हा म्हणायचीस घाण आहे. आता नाहीये तरी घाण आहे. दलेंदा, तुला पाणी कधी आवडणार ते एकदा सांगून ठेव." आणि हसली. "तुर्कियाच्या सासरहून, महदियाहून लल्ला शलबिया येणार, त्यांना जागा कळवून झाली. आता बदलली तर विचारतील, काय लपवताय."

लल्ला शलबिया, म्हणजे शलबियाबाई, नवऱ्या मुलाची आत्या. त्या घरात तिचा शब्द शेवटचा. जीभ धारदार, पण खोटं बोलत नाही, अशी तिची ख्याती.

ठरल्या दिवशी वारा अजिबात नव्हता. पाणी खरंच काचेसारखं. मलाही क्षणभर वाटलं, चुकत तर नाही ना आपण. बायका ओचे खोचून उतरल्या. एकदा हिरवा साबण लावून झाला, बडवून झालं, पहिलं खळबळणं झालं. फेस. दुसरं झालं. फेस. हे ठीकच, इतका असतोच. पुढे मात्र तो उतरायला हवा होता, आणि तो वाढत चालला होता. जितकं बडवाल तितका. बायकांभोवती पांढरी कडी तयार झाली आणि ती तिथेच रेंगाळली.

"विहीणबाई," लल्ला शलबियाने पाण्यातूनच विचारलं, "मेंढीची लोकर आहे ना? की साबणाच्या वडीला केस फुटले होते?"

सगळ्या हसल्या. महर्जियाही हसली. "हात जड पडला असेल साबणाला, लल्ला. निघेल आता."

निघेना. ऊन डोक्यावर आलं, कुस्कुसचं भांडं निवून गेलं, दरबुकावाली सावलीत जाऊन बसली. कुणी ललकारी ठोकायचं नाव घेईना. मग कुजबुज सुरू झाली. आमच्याच गावची एक म्हातारी म्हणाली, नजर लागलीय, धूप जाळा. महदियाच्या बायकांतली एक दुसरीला म्हणाली, हळू, पण आम्हाला ऐकू जाईल इतपतच हळू, "जिचा फेस सरत नाही अशी लोकर म्हणजे पोरीच्या पोटात काहीतरी दडलंय." तुर्किया मांडीएवढ्या पाण्यात उभी होती. तिचा चेहरा उतरला. पुन्हा पुन्हा तोच एक गठ्ठा ती पिळत होती. हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

"मावशी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग ना यांना काहीतरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका माणसाला बाग स्वच्छ दिसायला हवी होती, म्हणून या पोरीच्या पोटात काहीतरी दडलंय! मी तोंड उघडणार तोच रस्त्यावर गाडी थांबली आणि सी लमजद उतरला. मागे इटलीची पाहुणी, गवती टोपी, पांढरे बूट. त्याने तिला आमचा रिवाज दाखवायला आणलं होतं. दाखवायचं काय, तर बघा, आमच्या कारखान्याखालच्या समुद्रात नवरीची लोकर धुतात, इतका तो शुद्ध.

"मुबारक, महर्जिया, मुबारक!" तो वाळूवरून ओरडला. "अजून चाललंय?"

"अजून चाललंय," मी म्हटलं, "कारण समुद्रात तुमचा साबण आहे, सी लमजद. लोकरीत काही नाही. या पाण्यात रात्रंदिवस धुतली तरी फेस सरणार नाही."

महदियाच्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. सी लमजद पाहुणीकडे बघून हसला, मग माझ्याजवळ आला आणि आवाज खाली आणला.

"बघ त्या पाण्याकडे. आहे कुठे फेस? लोकर घालाल तिथेच येतोय ना? मग दोष कुणाचा?" आणि महर्जियाकडे वळून म्हणाला, "बहिणीला आवर गं. कारखान्याला टाळं लागलं तर हे सगळे हात कुठे जातील, विचार तिला."

महर्जियाने माझा दंड धरला. "गप बस, दलेंदा. आज नको."

मी गप्प बसले असते. बहिणीसाठी बसले असते. पण सी लमजदला गप्प बसवेना. पाहुणी बघतेय, पाहुण्या बायका ऐकताहेत, आपलं पाणी शुद्ध ठरलंच पाहिजे. तो लल्ला शलबियाकडे वळला आणि मोठ्याने म्हणाला, "हलकी लोकर घेतली असणार, लल्ला. कुठल्यातरी रोगट मेंढीची. गरीब लोक, काय करणार."

महर्जियाने माझा दंड सोडला.

माझी बहीण आवाज चढवत नाही. बारा वर्षं त्या माणसाच्या पँटी घासताना तिने कधी मान वर केली नाही. तिने बडवणं वाळूत रोवलं आणि लल्ला शलबियासमोर जाऊन उभी राहिली.

"लल्ला, ही लोकर मी हातांनी निवडलीय. हलकी असेल तर लग्न मोडा. पण आधी पारख करा."

लल्ला शलबियाने एक पुंजका पिळला, हुंगला, बोटांत चोळला. "पारख गोड्या पाण्यातच होईल," ती म्हणाली. "गोड्या पाण्यात फेस सरला तर लोकर निर्मळ. नाही सरला तर मी सरळ बोलेन, महर्जिया, राग मानू नकोस."

"गोडं पाणी आणायचं कुठून?" कुणीतरी म्हणालं. आमचे नळ उन्हाळ्यात दुपारी कोरडे असतात.

"सी लमजदच्या घरी," महर्जिया म्हणाली. "पाहुणीचं जेवण तिथेच आहे ना आज? पोहायचा तलाव काठोकाठ भरलेला असतो. स्वतःची विहीर आहे."

सी लमजदचं हसू गोठलं. "अगं, तिथे कसं... जेवणं मांडलीत..."

पाहुणीने मला इटालियनमध्ये विचारलं, काय चाललंय. मी तिला इतकंच सांगितलं की बायका आता लोकर यांच्या घरी धुवायचं म्हणताहेत. ती टाळ्या वाजवू लागली. चला, चला! मी पण धुणार! आता लग्नाच्या लोकरीला दारातून परत पाठवायचं, तेही पाहुणीदेखत, एवढी छाती सी लमजदची नव्हती. लोकर टेम्पोत चढली, बायका तिच्यावर चढल्या, आणि मी निघण्याआधी एक बादली समुद्राच्या पाण्याने भरून घेतली.

तलाव निळा, नितळ, काठावर छत्र्या, टेबलावर तळलेले मासे आणि कलिंगड. सी लमजदची बायको बाहेर आली आणि पन्नास ओल्या पायांकडे बघून तशीच आत गेली. महर्जिया आणि तुर्किया पायऱ्यांवरून पाण्यात उतरल्या, पहिला गठ्ठा घातला आणि बडवायला लागल्या.

काय फेस आला म्हणून सांगू! समुद्रातून पिऊन आलेला सगळा साबण त्या गोड्या पाण्यात मोकळा झाला. आधी पायऱ्यांवर, मग कडेकडेने, मग अर्ध्या तलावावर पांढरी साय पसरली. पाहुणीने उत्साहाने हात घातले, आणि मग हळूच काढून घेतले.

"बघा! बघा!" सी लमजद ओरडला. "लोकरच खराब!"

"थांब रे जरा," लल्ला शलबिया म्हणाली. असं त्याला गावात कुणी बोलत नाही. तिने विहिरीच्या पाण्याची नळी मागवली, एक कवळभर लोकर फरशीवर घेतली आणि स्वतः बसून धुवायला लागली. पाणी सोडायचं, पिळायचं, पाणी सोडायचं, पिळायचं. फेस पातळ झाला. मग कडेला थोडा राहिला. मग सरला. तिने लोकर मुठीत आवळली तशी ती करकरली. तिने ती गालाला लावून बघितली.

"निर्मळ आहे," ती म्हणाली. "अशी लोकर मी माझ्या मुलींनाही दिली नाही."

तुर्किया रडायला लागली. तिच्या आईने मात्र डोळेही पुसले नाहीत. ती माझ्याकडे बघत होती.

"आता हीच लोकर इथे घाला, लल्ला," मी म्हटलं आणि बादली पुढे सरकवली. "मघाचाच समुद्र आहे. वरून बघा, काच."

लल्ला शलबियाने ती धुतलेली, करकरीत लोकर बादलीत घातली आणि हाताने घुसळली. दोन-तीन वळसे दिले असतील. बादलीच्या तोंडाशी फेस उभा राहिला.

बोलायला काही उरलंच नव्हतं, पण सी लमजद बोलला. "उगीच काहीतरी. साबणच ना? साबणाने कुणी मरतं का? साबणाने माणूस स्वच्छ होतो!"

तेवढ्यात त्याची नात घरातून धावत आली. पाच-सहा वर्षांची, पोहायच्या कपड्यांत. तलावभर फेस बघून तिला स्वर्ग दोन बोटं उरला. किंचाळत ती पायऱ्यांकडे धावली, आणि सी लमजद, टेबल, खुर्ची, पाहुणी, कशाचीही पर्वा न करता झेपावला आणि त्याने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"हात लावायचा नाही! पायही नाही घालायचा! घाण आहे ती, कारखान्याची, अंगभर खाज सुटेल!"

त्याने काय म्हटलं ते त्याला सगळ्यांत शेवटी कळलं. नात भोकाड पसरून रडत होती.

महर्जिया पाण्यातच होती. तिने ओचा जरा वर केला. पोटऱ्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लालभडक, खाजवून ओरखडलेल्या.

"सी लमजद," ती म्हणाली, "आम्ही सकाळपासून त्यातच उभ्या आहोत."

तो तिच्या पायांकडे बघेना. माझ्याकडेही बघेना. पाहुणीने मला बाजूला घेऊन विचारलं, आजोबा त्या मुलीला काय म्हणाले? सी लमजदलाही इटालियन येतं. तो माझ्याकडे अशा काही नजरेने बघत होता की दुसऱ्या कुणाला दया आली असती. मला आली नाही. एकही शब्द न गाळता मी सगळं सांगितलं, 'कारखान्याची'सुद्धा. पाहुणीने हात रुमालाला पुसले. पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

"उद्या आम्ही कामावर येऊ," महर्जिया पाण्यातून बाहेर येत म्हणाली. "पण दलेंदाच्या टाकीत हवा सुरू झाल्याशिवाय एक पँट पाण्यात पडणार नाही. तुमचे हात कुठे जातील, ते तुम्ही बघा."

काठावरच्या बायकांतली एकही तिच्या शेजारून हलली नाही. लल्ला शलबिया नळीजवळ बसून दुसरा गठ्ठा धुवायला लागली होती.

सी लमजदने नातीला कडेवर घेतलं, खिशातून फोन काढला आणि आमच्याकडे पाठ करून वीजवाल्याला लावला.

"पंपाची तार जोड," तो म्हणाला. "हो, आत्ता." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्याने तलावाकडे एकदा बघितलं. "हो, येईल फेस. येऊ दे."